मेंदूतल्या ठिपक्याचा माग

तो वास मला पहिल्यांदा आला तेव्हा मी अकरावीत होते. घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, कारण डोंबिवलीत वास यायचेच. आमची चाळ पूर्वेला. वारा कंपन्यांकडून फिरला की कधी कुजक्या अंड्यांचा, कधी गोडसर औषधी, कधी नुसताच घशाला झोंबणारा वास घरात शिरायचा. बायका खिडक्या लावून घ्यायच्या. पुरुष "आज पुन्हा सोडला वाटतं" म्हणायचे आणि पेपर वाचत राहायचे. त्यामुळे संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी "शी, कसला वास येतोय" म्हटलं, तेव्हा आई मान वर न करता म्हणाली, "लाव खिडकी."

खिडकी लावलेलीच होती.

हा वास वेगळा होता. जळक्या रबरावर नासलेलं दूध ओतावं तसा. तो बाहेरून नाकात येत नव्हता, आतून कुठून तरी नाकाकडे यायचा. मग पोटातून काहीतरी वर चढायचं, भीती वाटायची, आणि त्यापुढचं मला काही आठवायचं नाही. भानावर आले की तोंडाला लाळ असायची आणि ओढणीचं टोक मुठीत चुरगळलेलं. आई म्हणायची, "कुठे बघत होतीस गं अशी? हाका मारतेय कधीची." मी उगाच तोंड हलवत होते, काही चघळल्यासारखी, असंही ती सांगायची. मला वाटायचं, मी त्या वासाला वैतागून गप्प बसत असेन.

काही महिन्यांनी गॅलरीतच कोसळले. हातपाय झाडले, दात कचकन बसले, जीभ चावली गेली. हे सगळं मी ऐकलेलं. मला स्वतःला आठवतं ते त्यानंतरचं. डोळे उघडले तर नाकावर चप्पल होती. कुणीतरी ती इतकी दाबून धरलेली की रबराचे कंगोरे वरच्या ओठात रुतले होते. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते आणि तिकडे जायची एक जोडी प्रत्येक घराबाहेर पडलेली असायची. ती चप्पल त्या जोडीतली होती. ओली होती. मी ओकले, आणि ओकले म्हणून जमलेल्या बायका म्हणाल्या, "बरं झालं, बाहेर पडलं सगळं."

चप्पल मोठ्या काकांनी धरलेली. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते आणि काकू आमच्याबरोबरच राहायचे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून आम्ही पाच माणसं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका फोर्टातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि घरातला देवधर्म सगळा त्यांच्याकडे होता. कद नेसल्याशिवाय देवाला हात लावायचा नाही. चातुर्मासात कांदा-लसूण घरात यायचा नाही. नैवेद्याची कोशिंबीर कालवायची तर त्यांनीच, चमच्याने नाही, हाताने, कारण चमचा कुणाच्या उष्ट्याचा असेल सांगता येत नाही. सत्यनारायणाला पंचामृतही तेच कालवायचे. त्यांची नखं जरा वाढलेली असायची आणि दही-मध नखांच्या कडांना चिकटून राहायचं. मी लहानपणापासून ते बघत आलेले. तेव्हा त्यात घाण वाटावं असं काही आहे हे डोक्यातही आलं नाही.

चप्पल बाजूला ठेवून काकांनी चिमूटभर अंगारा घेतला आणि बोट माझ्या तोंडात घालून जिभेला लावला. चावलेल्या जिभेला. ते बोट मला अजून आठवतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फिटची गोळी सुरू केली. गोळीने झटके कमी झाले, पण हिरड्या सुजून दातांवर यायला लागल्या आणि गालांवर, वरच्या ओठावर लव दाट झाली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे आरशात रोज बघावं लागत होतं. वास थांबला नव्हता. मी डॉक्टरांना वासाचं सांगितलं तर ते हसून म्हणाले, "अगं, तो मलाही येतो. कंपनीवाल्यांना सांग."

मग ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला. डोक्याला जागोजागी चिकट लापशीसारखं काहीतरी लावून त्यावर वायरी डकवल्या. ते केसांतून दोन न्हाणी झाली तरी गेलं नाही, वाळून कोंड्यासारखं गळत राहिलं. आलेखात उजव्या बाजूला गडबड दिसली म्हणून सीटी स्कॅन. त्यासाठी मुंबईला जावं लागलं. तिथे एका थंडगार खोलीत मला फळीवर झोपवलं आणि दंडात औषध टोचलं. अंगभर गरम लाट पसरली, तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव आली आणि आपण फळीवरच लघवी केली असं वाटलं. मी इतकी ओशाळले की उठायलाच तयार नव्हते. तिथली नर्स म्हणाली, "सगळ्यांनाच वाटतं, झालेली नसते." मी हात लावून बघितलं तेव्हा पटलं.

फोटोत उजव्या कानाच्या आत, खोलवर, एक पांढरं कडं दिसलं. वाटाण्याएवढं. ठाण्याच्या डॉक्टरांनी ते बघितलं आणि म्हणाले, "टीबीची गाठ आहे. मेंदूत होते." त्या काळात असं कडं दिसलं की बहुतेक डॉक्टर टीबीच म्हणायचे, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी पुढचं वर्षभर टीबीच्या गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी, डोळ्यांतलं पाणी नारिंगी, जेवणावरची वासना मेलेली. काकूने माझं ताट-वाटी वेगळी केली. तीही बिचारी सांगितलेलं करत होती. काकांनी सांगितलेलं, टीबी उष्ट्यातून पसरतो. माझी ताटली संडासाकडच्या नळाखाली घासली जायची आणि गॅलरीत पालथी पडायची.

त्या वर्षात माझ्याकडे नेमाने येणारी एकच मैत्रीण होती. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची. तिचं घर कोपरला, खाडीच्या बाजूला, कोळीवाड्यात. तिची आई मार्केटात मासळी विकायची. मी आजारी पडायच्या आधी त्यांच्याकडे पुष्कळदा गेलेले आणि घरी न सांगता जेवलेलेही. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. त्यांच्याकडे ताटात वाढताना मैत्रिणीची आई हात दोनदा धुवायची, कारण मासळीचा वास मला लागेल म्हणून. "तुमच्यात नाय ना चालत," म्हणायची, आणि तरी भाकरीवर आणखी थोडी चटणी ठेवायची.

वर्ष झालं तरी झटके येतच राहिले. तेव्हा बाबा आईला, मला आणि माझे फोटो घेऊन मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी फोटो बघितलेच नाहीत. मला विचारलं, "झटका येण्याआधी काही होतं का?"

"वास येतो," मी म्हटलं, आणि लगेच पुढे म्हटलं, "पण आम्ही डोंबिवलीला राहतो."

त्यांना हसू आलं नाही. "तुझ्या शेजारी बसलेल्या माणसाला तोच वास त्याच वेळी येतो का?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नाही. ही सांगते तेव्हा आम्हाला काहीच येत नसतो." असं म्हणताना तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत तिने हे स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"कसला वास?"

मी जळक्या रबराचं आणि नासलेल्या दुधाचं सांगितलं. पोटातून वर चढतं तेही. त्यांनी फोटो काचेच्या दिव्यावर लावला आणि पेन्सिलीचं टोक त्या कड्याजवळ नेलं. "वास ओळखायची जागा मेंदूत इथे, आतल्या बाजूला आहे. तुझं कडं तिच्या शेजारीच आहे. ते तिला टोचतं, तेव्हा तुला नसलेला वास येतो. तिथून ते पसरलं की झटका." आणि बाबांना म्हणाले, "मुलगी बरोबर सांगतेय. कुणी ऐकलं नाही एवढंच."

मला रडू आलं. आजारामुळे नाही. त्या वासाला एक जागा आहे, बोट ठेवून दाखवता येईल अशी, हे ऐकून आलं.

टीबीवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा मुंबईत एमआरआय नुकता आलेला. त्यांनी तो करायला पाठवलं. लांब नळीत डोकं अडकवून पडले आणि बराच वेळ कानाशी कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारत राहिलं. त्या फोटोत कडं आणखी स्पष्ट होतं, आणि सीटीत न दिसलेलं काहीतरी त्याच्या आत होतं. एक बारीक टिंब.

"हे त्याचं डोकं," डॉक्टर म्हणाले.

"कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"जंताच्या पिल्लाचं. डुकराच्या जंताची अंडी पोटात गेली की पिल्लं रक्तातून कुठेही जाऊन बसतात. हिच्या मेंदूत बसलंय."

मी डोक्याला हात लावला. मला त्या क्षणी डोकं काढून कुठेतरी ठेवून यावंसं वाटलं. आतमध्ये काहीतरी जिवंत आहे, गोल करून बसलंय, आणि मी ज्या डोक्याने हा विचार करतेय त्यातच ते आहे. डॉक्टर पुढे औषधाचं सांगत होते, हॉस्पिटलात राहावं लागेल म्हणत होते, पण आई तोंडाला पदर लावून बाहेर गेलेली आणि बाबांनी ऐकलं ते 'डुक्कर' एवढंच.

घरी आल्यावर बाबांनी काकांना तेवढंच सांगितलं. काका जेवत होते. त्यांनी हात आखडला.

"डुकराचा? आपल्या घरात?"

"असं म्हणाले खरं."

"म्हणजे कुणाकडे खाल्लं असणार तिने," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "कुठे जेवतेस तू बाहेर?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. खाडीवर राहणारी माणसं, काय खातात काय नाही, उकिरड्यावर डुकरं फिरत असतात. मी म्हटलं, "काका, त्यांच्याकडे मासे असतात." ते म्हणाले, "तुला काय माहीत कशात काय असतं." मग ते उठले, आंघोळ केली आणि जानवं बदललं.

त्या आठवड्यात मैत्रिणीकडून कळलं म्हणून तिची आई मला बघायला आली. मार्केटातून घरी जाऊन, आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून आलेली. हातात केळ्यांची फणी. मी आतल्या खोलीत पडून होते, दार काकांनी उघडलं.

"पोरीला बघायला आलेली," ती म्हणाली.

"बघून झालं तेवढं पुरे," काका म्हणाले. "तुमच्याकडचं खाऊन हिच्या डोक्यात किडे पडलेत. डॉक्टरनं सांगितलंय."

"आमच्याकडचा? आमच्याकडचा काय खाल्लाय तिना?"

"ते तुम्हालाच माहीत. यापुढे मुलीला पाठवू नका इकडे आणि तुम्हीही येऊ नका."

मी उठून बाहेर आले. काकूने मला दंडाला धरून थांबवलं. ती बाई उंबऱ्याबाहेर उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. केळी दाराशी ठेवली आणि गॅलरीतून गेली. शेजारच्या सगळ्या दारांत माणसं उभी होती. ती गेल्यावर काकांनी फणी बोटांच्या चिमटीत धरून खाली कचऱ्यात टाकली आणि काकूला उंबरा धुवायला लावला. काकूने बादलीभर पाणी ओतलं. पाणी गॅलरीतून शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलं. एका आजींनी मान हलवली, बरं केलंत अशी.

मला त्या दिवशी डोक्यातल्या किड्याहून त्या पाण्याची जास्त शिसारी आली.

पुढच्या खेपेला आईने डॉक्टरांना सरळच विचारलं, "मासे खाऊन होतं का हे?"

"नाही," ते म्हणाले. "मासे खाऊन नाही. आणि हिच्या डोक्यातलं हे डुकराचं मांस खाऊनसुद्धा होत नाही. नीट ऐका. ज्या माणसाच्या पोटात तो मोठा जंत असतो, त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. त्या माणसाने हात नीट न धुता अन्नाला लावला तर ती दुसऱ्याच्या पोटात जातात. किंवा सांडपाण्यावरच्या कच्च्या भाजीतून."

आईच्या डोळ्यांसमोर ठाकुर्लीच्या रुळांकडेचे मळे आले. तिथे गटाराच्या पाण्यावर माठ, पालक, मुळा तरारून वाढायचा आणि स्टेशनबाहेर जुड्या विकायला यायच्या. आम्ही कित्येक वर्षं तोच मुळा किसून खाल्लेला. म्हणजे कुणाची तरी विष्ठा मी खाल्ली होती, कशीही असो, एवढं त्या बोलण्यातून स्पष्ट होतं. आईने घरी गेल्यावर टोपलीतली कोथिंबीरही टाकून दिली.

पण डॉक्टर एवढ्यावर थांबले नाहीत. "भाजी असेलही. तरी घरात कुणाच्या पोटात जंत आहे का ते बघायला हवं, नाहीतर औषध देऊन उपयोग नाही. घरात जे जे स्वयंपाकाला हात लावतात त्या सगळ्यांची तपासणी करा." आणि प्रत्येकासाठी एक प्लास्टिकची डबी दिली.

बाबांनी डबी दिली, आईने दिली, मी दिली. काकूनेही दिली. काकांसमोर डबी ठेवली तेव्हा त्यांनी ती सोवळं वाळत घालायच्या काठीने बाजूला सारली.

"माझी विष्ठा तपासणार? मी रोज दोनदा स्नान करतो. तुमच्या मुलीने कुठे तोंड घातलं त्याचा हिशेब माझ्याकडे मागता?"

बाबा म्हणाले, "दादा, नुसती तपासणी आहे."

"आपल्या घरात हे बोलणंही नको," काका म्हणाले, आणि बाबांनी डबी उचलून ठेवली. ते काकांपुढे नेहमीच गप्प बसायचे. आमच्या चौघांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "पाचवे?" बाबांनी सांगितलं, "ते तयार नाहीत."

त्यानंतरच्या एका दुपारी आई मोरीपाशी कपडे पिळत होती, मी आत पडले होते. काकू तिच्याजवळ येऊन बसली. दोघींना वाटलं मी झोपलेय.

"तुला एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"काय वहिनी?"

"ह्यांच्या आतल्या कपड्यांना, मी धुते ना, कधी कधी काहीतरी चिकटलेलं असतं. पांढरं, चपटं. कुरडई भिजल्यावर तुटते ना, तसा तुकडा."

पाण्याचा आवाज थांबला.

"कधीपासून?"

"वर्षं झाली असतील. पहिल्यांदा वाटलं भाताची पेज लागली. मग एकदा तो तुकडा हलला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"ह्यांना बोलले. तर म्हणाले, तुझी धुण्याची पद्धतच घाणेरडी." काकूने हाताची बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "मी तेच हात धुऊन कणीक मळते गं. मी चांगले धुते, राखेने धुते. पण हे कोशिंबीर कालवतात तेव्हा मला बघवत नाही. मी घेत नाही. चार वर्षं झाली, मी त्यांच्या हातचं तीर्थ तोंडाला लावून पदरात सोडते."

मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसलं. माझ्या जिभेवर ते अंगाऱ्याचं बोट आलं. नखांच्या कडांचं दही आलं. लहानपणापासून, प्रत्येक चतुर्थीला, प्रत्येक सत्यनारायणाला, ओंजळ पुढे करून आम्ही जे भक्तीने घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला, ते सगळं एकदम घशाशी आलं. मी उठले आणि त्या दोघींच्या मधून मोरीत जाऊन ओकले. काकू माझी पाठ चोळत राहिली. "ऐकलंस वाटतं," एवढंच म्हणाली.

तसा तुकडा तिला पुन्हा सापडला तेव्हा तिने तो होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि बाबांच्या हातात दिला. तपासणीत तो त्याच जंताचा निघाला. आता काकांना डॉक्टरांकडे जावंच लागलं. आईने सांगितलं, आला नाहीत तर मी चाळीत सगळ्यांना सांगेन. ती त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती.

डॉक्टरांच्या खोलीत काका कपाळाला गंध लावून, पांढऱ्या सदऱ्यात, ताठ बसले. मी बाबांच्या शेजारी होते.

"मांसाहार करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही."

"घराचं नाही विचारत."

काकांनी सदऱ्याची बाही नीट केली.

"हा जंत पोटात व्हायला एकच रस्ता आहे. डुकराचं कच्चट राहिलेलं मांस. पुतणीच्या पोटात गेली ती अंडी भाजीतून जाऊ शकतात, तुमच्या पोटातला मोठा जंत भाजीतून होत नाही. मला तुमचा धर्म विचारायचा नाही, औषध द्यायचंय."

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "ऑफिसातली मंडळी आग्रह करतात. महिन्यातून एखाद वेळी. मी काय आहे ते विचारत नाही."

"चव कळत असेल," डॉक्टर म्हणाले आणि औषध लिहायला लागले.

मला वाटलं होतं मला राग येईल. राग नाही आला. त्या माणसाकडे बघताना किळस आली, नुसती, स्वच्छ किळस. माणूस काय खातो ह्याची नाही. त्याने डुक्कर खावं, बैल खावा, माझी ना नव्हती. त्याने आमच्या उंबऱ्यावर पाणी ओतायला लावलं त्या बाईच्या मागून, आणि त्याला तेव्हाही स्वतःचं ठाऊक होतं. रोज आंघोळ करताना ठाऊक होतं.

काकांनी औषध घेतलं. जंत पडला. काकूने तो बघितला, आईला हातांनी लांबी दाखवली आणि मग त्यावर कधी बोलली नाही. बाबा म्हणाले, "झालं गेलं, बाहेर कुठे जायला नको हे." दुसऱ्या दिवसापासून आईने आमचा स्टोव्ह वेगळा केला, आणि आम्हाला देवाचं तीर्थ स्वतःच्या हाताने द्यायला सुरुवात केली. काका सोवळं तसंच पाळत राहिले. चाळीत सत्यनारायण असला की त्यांनाच बोलावणं यायचं. लोक ओंजळी पुढे करायचे. मला कुणाकुणाला सांगावंसं वाटायचं आणि बाबांचा चेहरा बघून मी घरात बसायचे. आता जंत नाही, आता अंडी नाहीत, असं स्वतःला समजवायचे. त्याने ओकारी थांबायची नाही.

माझं औषध हॉस्पिटलात झालं. किडा मरताना मेंदूला सूज येते म्हणून दुसरी औषधं देत होते, तरी डोकं असं ठणकायचं की भिंतीला आपटावंसं वाटे. तो आत मरतोय, आणि मेल्यावर जाणार कुठे, हा विचार पाठ सोडत नव्हता. डॉक्टरांना विचारलं. "तुझं शरीर त्याला हळूहळू संपवेल," ते म्हणाले. मला ते उत्तरही घाणच वाटलं.

घरी आल्यावर थोडी ताकद आली तशी मी कोपरला गेले. मैत्रीण घरात नव्हती, तिचं लग्न ठरलं होतं, खरेदीला गेलेली. तिची आई ओट्यावर जाळ्याचा गोळा सोडवत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, काकांचं नाव घेऊन, काही न लपवता. ती हात न थांबवता ऐकत होती.

"म्हंजे आमच्यामुले नाय."

"नाही मावशी. माशांमुळे नाहीच."

"मी त्या दिवसापासून कुनाच्या पोराला जेव म्हनत नाय," ती म्हणाली. "वाटला, खरा असल तर? आपल्या हातना कुनाच्या पोरीच्या डोक्यात..." तिने एक गाठ दाताने सोडवली. "तुज्या काकाला सांग, माज्या दारात येऊन हा बोलायला. तो माज्याशी चार मान्सांत बोललाय. तू कशाला येतेस त्याच्या बदल्यात?"

तिने मला चहा विचारला नाही. मी घरी येऊन काकांना तसंच सांगितलं.

"कोळणीच्या दारात जाऊ मी?" ते म्हणाले, आणि पुन्हा पेपर उघडला.

ते गेले नाहीत. मैत्रिणीच्या लग्नाचं आमंत्रण मला आलं नाही, आणि ते न येणं मला योग्यच वाटलं.

पुढे ठाण्यातच स्कॅनची सोय झाली. तिथे दर वर्षी फोटो निघायचा. कडं आकसत गेलं, आतलं टिंब दिसेनासं झालं, शेवटी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका राहिला. वास येणं बंद झालं. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या, हिरड्या खाली बसल्या, चेहऱ्यावरची लव विरळ झाली. मी नोकरीला लागले. गोळ्या पूर्ण थांबल्या त्या वर्षी एका रविवारी कंपन्यांकडून खरोखरचा वास आला आणि मी जिन्यातल्या अनोळखी माणसाला थांबवून विचारलं, "तुम्हाला पण येतोय ना?" तो म्हणाला, "येणारच की." मला इतका आनंद झाला की मी खिडकी उघडीच ठेवली.

काका नव्वदचं दशक सरता सरता गेले, हृदयाच्या झटक्याने. तेराव्याला चाळ लोटली. एक वयस्कर गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की असं कडक सोवळं, इतकी शुद्ध राहणी आता बघायला मिळणार नाही. त्यांच्या हातचं तीर्थ म्हणजे औषध होतं, असंही म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. बाबांनीही पुसले.

मी उठून गॅलरीत आले. थोड्या वेळाने काकू मागून आली. कठड्याला हात टेकून उभी राहिली, आतलं भाषण ऐकू येत होतं तेवढा वेळ ऐकत राहिली.

"खोटं बोलतायत," मी म्हटलं.

"त्यांना कुठे माहीत आहे," काकू म्हणाली. "जेवून घे. आज सगळं मी एकटीने केलंय."